बातमीआधीची आठी

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागायच्या आधी ताई स्वतःशीच पुटपुटत, "माय बघायलीय." मग मान वर करून पहिली बातमी वाचत.

शहरातल्या केबल वाहिनीवर संध्याकाळचं बातमीपत्र वाचणाऱ्या या बाईंना तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. त्यांच्या बातम्या मी लिहीत असे. मृत्यूची बातमी असली की पहिल्या शब्दाआधी त्यांच्या भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या पडत. प्रेक्षकांना ती सवय वाटे. त्या आठ्या मायसाठी होत्या.

माय पैठणला धाकट्या मुलाकडे राहायची. तापात तिचे कान गेले, तेव्हा ताई शाळेत होत्या. माय अक्षरं शिकली नव्हती. लेकीचे ओठ आणि कपाळ तेवढं वाचायची. बातमीपत्र संपलं की शेजारणीला सांगायची, "आज कुणीतरी गेलं गं." ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

वाहिनीला नवे मालक आले. त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं, "तुम्ही प्रेक्षकांवर चिडल्यासारख्या दिसता. चेहऱ्याचं काहीतरी करा." त्याच आठवड्यात नव्या मुलींच्या चाचण्या सुरू झाल्या.

क्रांती चौकाजवळच्या त्वचेच्या दवाखान्यात ताई मला सोबत घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी दोन इंजेक्शनं समजावून सांगितली. दोन्हींनी आठ्या पाडणारे स्नायू सैलावतात. एकाचा परिणाम तीन-चार महिने राहतो, दुसऱ्याचा त्याहून जास्त. मात्रा हलकी ठेवली तर कपाळ थोडं हलतं.

"नाही आवडलं तर काढता येतं का?" ताईंनी विचारलं.

"नाही. आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. पहिल्यांदाच घेताय, तर कमी टिकणारं घ्या."

बाहेर चहा घेताना मी म्हणालो, "आणि माय?"

"माझे ओठ तर हलायलेत ना? सारखं सारखं कोण सुया टोचून घेईल? अर्धवट करून मालकांना काय दाखवू?"

त्यांनी जास्त टिकणारं निवडलं, पूर्ण मात्रेत.

थोड्या दिवसांनी कॅमेरामन म्हणाला, "ताई, कपाळाला इस्तरी मारली काय?"

"मारली. तू तुझ्या शर्टाला मार."

मग पैठणहून भावाचा फोन आला. "ताई, माय विचारायलीय, शहरात आजकाल कुणी मरतच नाय का?" तो इतक्या मोठ्यानं हसत होता की पलीकडच्या टेबलावर मला ऐकू आलं. ताईही हसल्या. त्या दिवशी त्यांनी एका अपघाती मृत्यूची बातमी वाचली होती.

त्यानंतर महिनाभरातच तो भाऊ कामासाठी शहरात आला आणि हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. मायला सांगणं ताईंनाच जमणार होतं. मृतदेह मागून येणार होता. आम्ही पुढं निघालो. पैठण येईपर्यंत ताई रडत होत्या. घराच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं, पदरानं डोळे कोरडे केले. "तिचं काळीज कमजोर आहे. मला रडताना बघितलं तर तिथंच पडेल. हळूहळू सांगते."

माय दारात बसली होती. ताई तिच्यापुढं बसल्या, तिचे हात धरले आणि एकेक शब्द तोडून बोलल्या. मायनं ओठ पाहिले. मग नजर वर नेऊन कपाळ पाहिलं. तिथं काहीच नव्हतं.

"चल, मस्करी नको," ती म्हणाली आणि ताईंच्या खांद्यावर चापट मारून उठली. "तो येईलच आता. तुम्हाला जेवायला वाढते."

ताईंनी पुन्हा सांगितलं. आता त्यांचे डोळे वाहत होते. माय वळून पाहते तोवर रुग्णवाहिका दारात आली होती.

मृतदेह उतरवला तेव्हा मायनं मुलाकडे पाहिलं, मग लेकीच्या चेहऱ्याकडे. गाल ओले होते, पण कपाळ तसंच गुळगुळीत होतं. मायनं मान फिरवली.

ताईंनी नोकरी सोडली. त्या पैठणला मायजवळ राहायला गेल्या. त्यांच्या जागी आता एक नवी मुलगी बातम्या वाचते, चांगलं वाचते.

मध्यंतरी मी त्यांना भेटायला गेलो. इंजेक्शन उतरलं होतं, दोन्ही आठ्या होत्या तशा परतल्या होत्या. माय भिंतीकडे तोंड करून बसली होती. ताईंनी चहा आणला, वळसा घालून तिच्यासमोर बसल्या आणि काही सांगू लागल्या. मायनं डोळे मिटून घेतले.

ताई थांबल्या नाहीत. आवाज न काढता त्यांचे ओठ हलत राहिले.