मावशीचा हात

उंदीर पडला की घर सोडायचं, ही निजामाच्या राज्यातल्या आम्हा जुन्या जालनेकरांना पाठ झालेली रीत. शेतात कडब्याच्या खोपी घालायच्या आणि प्लेग ओसरेपर्यंत तिथंच राहायचं. त्या साली मी बारा वर्षांची होते, आणि आईला बाजेवर घालून न्यावं लागलं. अर्धांगवायूनं तिचं डावं अंग लुळं पडलेलं. तिला उठवायला-बसवायला, धुवायला-पुसायला पगारी मावशी होती. स्वतःचं घर सोडून तीही आमच्याबरोबर आली आणि आम्ही ते गृहीतच धरलं.

शेतात रोज सकाळी मावशी घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं करायची. "हात वर!" म्हणायची आणि काखेत, गळ्याला बोटं दाबून गाठ आलीय का बघायची. तिची बोटं जरा जास्त थांबली की मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. शेजारच्या खोपीतली दोन माणसं गेली होती. मावशीची काख बघायचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आठव्या दिवशी मला दिसलं, मावशी उजवा हात अंगाशी आवळून धरतेय, घागरही डाव्या हातानं उचलतेय. तिला काय होतंय ते विचारायचं सोडून मी धावत जाऊन घरातल्या कर्त्या काकांना सांगितलं. त्या चुगलीची लाज अजून वाटते.

काका लांबूनच ओरडले, "बाई, हात वर कर."

"दुखून राह्यलाय, मालक. वर होत न्हाई."

"मंग जल्दी गाठोडं उचल. इथं लेकरंबाळं हायेत."

मावशी राहिली तर आम्ही सगळे जाणार, गेली तर आईला कोण बघणार? इकडे आड, तिकडे विहीर. मावशी लुगडं गुंडाळायला लागली.

"इकडं ये," बाजेवरून आईची जड जीभ बोलली. "माझ्यापाशी बस."

"वहिनी, हात लावू नका तिला!"

"सात महिने तिनं मला हात लावला. तवा कुणी अडवलं न्हाई."

आईनं आपला चांगला हात मावशीच्या काखेत घातला. मावशी कळवळली. आई बोटं दाबून बघत राहिली. मी डोळे गच्च मिटले.

"गाठ न्हाई," आई म्हणाली. "खांदा सुजलाय. मला उचलून उचलून."

काका निघून गेले. मी तेल कोमट करून मावशीच्या खांद्याला लावलं, आणि त्या दिवसापासून आईला उठवताना दुसरी बाजू मी धरायला लागले.

रोज सकाळी सगळ्यांचं बघून झालं की मावशी बाजेशी येऊन बसायची आणि जमेल तेवढा हात वर करायची. आई तिची काख चाचपायची. आईची बोटं थांबतात की काय, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी असायचे.