बस!

निसर्गाच्या भव्यतेपुढे माणूस नम्र होतो. ताईचे यजमान झाले नाहीत. आज ओल्या कुत्र्याचा वास आला आणि त्यांच्यावरचा वीस वर्षांपूर्वीचा राग पुन्हा उसळला.

स्कॉटलंडमध्ये, डोंगरांत घुसलेल्या समुद्राकाठी मोटरहोम थांबवून ते आम्हाला हिमनद्या शिकवत होते.

"भावजी, पाऊस आला, चला ना."

"बस!" ते माझ्यावर गरजले, म्हणजे पुरे. आमच्या मराठी कुत्र्याला, मोतीला, त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. तो बसला. व्याख्यान संपताच भावजींनी मागे न बघता गाडी काढली.

दहा मैलांवर मला मोतीची जागा रिकामी दिसली.

"वळलो तर फेरीबोट चुकेल. कुत्रंच आहे ते!"

"मग मलाही इथेच उतरवा."

परतलो तेव्हा मोती चिंब भिजून तिथेच बसला होता. अख्ख्या सहलीत भावजींचं ऐकलं ते त्यानेच.