पदं वगळून उरलेलं नाटक

शहापूरहून मुरबाडच्या कचेरीत माझी बदली झाली, तोवर मी एकही संगीत नाटक पुरतं पाहिलेलं नव्हतं. सिनेमा मोबाइलवर बघायचो, तोही गाणी पुढे ढकलत. भांडणाऱ्या माणसाने मधेच गायला लागावं, हे मला पटत नसे.

मुरबाडला कचेरीतले, शाळेतले, दवाखान्यातले काही जण मिळून जुन्या धर्तीचं एक संगीत नाटक बसवत होते. बसवणारे एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. माझा आवाज हळू पण स्पष्ट, म्हणून त्यांनी मला प्रॉम्प्टर केलं. विंगेत वही घेऊन बसायचं आणि अडलेल्याला शब्द पुरवायचा.

पहिल्या तालमीनंतर मी म्हणालो, "गुरुजी, पदं काढली तर नाटक दीड तासात आटपेल."

ते रागावले नाहीत. "काढून बघा. आणि गोष्ट लागते का ते मला सांगा."

घरी त्याच वहीतल्या पदांवर पेन्सिलने काट मारत गेलो. तिसऱ्या अंकात अडलो. सोडून गेलेला नवरा बारा वर्षांनी परत येतो. बायको त्याला दारातच उभा ठेवते आणि पुढच्याच वाक्यात पाणी देते. मधे फक्त एक पद. ते काढलं की बाईचं मन का बदललं ते कळेना. मी ती नाटककाराची चूक मानली आणि गुरुजींना काहीच बोललो नाही.

बायकोचं काम ग्रामीण रुग्णालयातल्या एक सिस्टर करत. डोंगराकडच्या गावातल्या. गद्य बोलताना त्या हमखास अडखळत. 'नाही'च्या जागी 'नाय' आलं की गुरुजी थांबवत आणि त्या आणखीच गोंधळत. पदात मात्र एकदाही चुकल्या नाहीत.

प्रयोग रविवारी दुपारी एका मंगल कार्यालयात होता. तिसऱ्या अंकात नवरा दारात आला आणि वीज गेली. माइक बंद, पंखे बंद. मागच्या रांगांतून ओरडा सुरू झाला, "ऐकू येत नाय!" नवरा झालेले गृहस्थ वाक्य विसरले. विंगेतल्या अंधारात मला वहीतलं अक्षर दिसेना.

सिस्टरांनी आपली दोन वाक्यं गाळली आणि ऑर्गनवाल्या काकांकडे पाहिलं. पायाने भाता हाकायच्या त्या पेटीला वीज लागत नाही. काकांनी सूर दिला.

पहिली ओळ सिस्टरांनी नवऱ्याच्या तोंडावर मारल्यासारखी म्हटली. कोणीतरी खिडक्या उघडत होतं, त्यांचा आवाज होत होता. तीच ओळ त्या पुन्हा गायल्या. या वेळी त्याच्याकडे न बघता, संथपणे. तिसऱ्यांदा शेवटचा शब्द आलाच नाही. तोवर मागच्या रांगा गप्प झाल्या होत्या. त्यांनी तांब्या उचलला आणि पाणी दिलं. मन कसं बदललं ते मला कोणी सांगावं लागलं नाही. सगळ्या सभागृहाने ते होताना पाहिलं होतं. 'वन्समोअर' कोणी दिला नाही.

पडदा पडल्यावर मी विचारलं, "सिस्टर, तिसऱ्या वेळी शब्द मुद्दाम सोडलात ना?"

"नाय हो भाऊ," त्या हसल्या. "दम संपला. सकाळची ड्युटी करून आले मी."

त्यामुळे मला काही फरक पडला नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत मी कल्याणला जाऊन मिळतील ती संगीत नाटकं पाहिली, घरी गाण्यांचे सिनेमे सबंध पाहिले, परदेशी भाषांतलेसुद्धा. सगळी गाणी आवडली असं नाही. ज्या गाण्यात काहीच घडत नाही, तिथे मी आजही घड्याळ बघतो. पण कुठे काय घडतंय ते आता समजतं.

एकदा गुरुजींना त्या पेन्सिलच्या खुणांविषयी सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. प्रयोगानंतर वही माझ्याकडेच आली होती ना!"

सिस्टरांची पुढे वाशिंदच्या बाजूला बदली झाली. नायिका मिळाली नाही, म्हणून त्या नाटकाचा दुसरा प्रयोग काही झाला नाही.