राणीसाहेबांच्या कानाशी

मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, सुमित्रामावशी पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसायच्या आणि प्रभाकरकाका त्या खुर्चीमागे उभे राहायचे. कोणी भेटायला आलं की काका वाकून मावशींच्या कानात काहीतरी कुजबुजायचे. मावशी किंचित हसायच्या आणि मग हात पुढे करायच्या. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या एका शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, प्लॅस्टिकची खुर्ची, पण दरबार भरल्यासारखं वाटायचं. सगळे त्यांना 'राणीसाहेब' म्हणत. तोंडावर कौतुकाने, पाठीमागे वेगळ्या सुरात.

"ते प्रधानजी बघितलेस का?" मी पहिल्यांदा गणपतीला गेले तेव्हा किचनमध्ये लेलेकाकूंनी मला विचारलं. "वहिनी, वहिनी म्हणतो. वहिनीच्या कानात एवढं काय गं सांगायचं असतं?"

"आणि ती लाजते बघ! सत्तरीला आली तरी," दुसऱ्या काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू त्यांच्याकडेच राहतेस ना? ते घरी पण येतात का?"

"हो, म्हणजे वीकेंडला," मी म्हणाले. आरती संपेपर्यंत ते माझ्याकडेच परत आलं, 'रोज येतात म्हणे' होऊन. तेव्हापासून मी मंडळात फारसं बोलायचंच नाही असं ठरवलं. तशीही मी कमीच बोलते.

मी पुण्याच्या इंग्लिश मीडियम शाळेतली. नोकरीसाठी ट्रॉयला आले तेव्हा माझ्याकडे इथलं गाडीचं लायसन्स नव्हतं आणि माझं ऑफिस मावशींच्या घरापासून चालत जाण्यासारखं होतं, म्हणून त्यांच्याकडे खोली घेतली. मावशींनी तीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन केलं होतं. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. प्रभाकरकाका त्यांच्या यजमानांचे मित्र, एकटेच, पलीकडच्या गावात राहणारे. मावशींचं एक वाक्य ठरलेलं होतं: "या देशात ज्याला गाडी चालवता येत नाही तो पाहुणा. मी पाहुणी नाही."

रोज चहाच्या वेळी त्या माझ्याकडून मराठी मासिक मोठ्याने वाचून घ्यायच्या. "शाळेने तुझं मराठी मारलंय, आपण जिवंत करू," असं म्हणायच्या. मी अडखळत वाचायचे, त्या डोळे मिटून सुधारायच्या. मला वाटायचं, त्या मला शिकवताहेत. मग एक दिवस त्यांनी आलेलं पत्र पुढे केलं. "हेही वाच."

"पण मावशी, हे इंग्लिशमध्ये आहे."

त्यांनी पत्र मागे घेतलं नाही. पत्र डोळ्यांच्या डॉक्टरांचं होतं. मी ते शेवटपर्यंत वाचलं.

"कडेने दिसतं गं," त्या शेवटी म्हणाल्या. "मधलं गेलंय. तुझे कान दिसतात, चेहरा दिसत नाही."

मग सगळं उलगडलं. काका कानात सांगायचे ती फक्त नावं असायची. 'डावीकडून जोशी, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, विचारा.' 'समोर लेलेवहिनी, हिरवी साडी.' लोक ज्याला लाजणं म्हणत होते ते ऐकणं होतं.

"पण लोक काय काय बोलतात तुमच्याबद्दल," मी म्हणाले.

"बोलू देत. लफडं असलेल्या बाईला लोक जरा वचकून असतात. आंधळ्या बाईला हात धरून रस्ता क्रॉस करून देतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अनघाला कळलं तर ती पुढच्या विमानाने येईल आणि मला क्युपर्टिनोला तिच्या घरी नेऊन खिडकीशी बसवेल. तू कुणाला सांगायचं नाहीस."

अनघा त्यांची एकुलती एक मुलगी. मी मान हलवली, मग लक्षात आलं आणि तोंडाने "नाही" म्हणाले.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. काकांनी त्यांच्याकडून गाडीची किल्ली कधीच काढून घेतली होती. दुसरी किल्ली पोह्यांच्या डब्यात आहे हे मात्र काकांना माहीत नव्हतं. "किराणा दुकान दोन सिग्नलवर तर आहे," मावशी म्हणायच्या. "तू शेजारी बस. फक्त रंग सांग." मी बसायचे. "रेड, मावशी. आता ग्रीन. उजवीकडे सायकल." आज नको म्हणावं असं दर वेळी ठरवायचे आणि दर वेळी सीटबेल्ट लावायचे.

मार्चमधली गोष्ट. रस्त्याच्या कडेला मळका बर्फ होता. समोरून येणारी पिवळी स्कूल बस थांबली, लाल दिवे लुकलुकू लागले, बाजूची स्टॉपची पाटी उघडली. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात, इथल्या लहान मुलालाही हे माहीत असतं. म्हणूनच ती मुलगी इकडेतिकडे न बघता बसच्या पुढून रस्त्यात आली. आमची गाडी चालतच होती. मी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. शाळेत बाईंनी नाव घेऊन उभं केलं की व्हायचं अगदी तसं. ती मुलगी थांबली आणि आमच्याकडे बघत राहिली.

"आई गं!" शेवटी मी किंचाळले.

मावशींचा पाय ब्रेकवर बसला. गाडी घसरत घसरत थांबली. बॉनेटच्या पुढे फक्त मुलीची टोपी दिसत होती. मग ती पळत फुटपाथवर गेली. बसचा ड्रायव्हर हात उगारून ओरडत होता.

"कोण होतं?" मावशींनी विचारलं.

"मुलगी."

"केवढी?"

मी हाताने उंची दाखवली. मग माझी मलाच शरम वाटली. "लहान," मी म्हणाले.

घरापर्यंत आम्ही चालण्याच्या वेगाने आलो. किल्ली परत डब्यात गेली. "प्रभाकरला सांगू नकोस हं," मावशी म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्याच, "रविवारी नारळ आणायचेत."

रविवार चार दिवसांवर होता. शुक्रवारी मला अनघाचा फोन आला.

"सॉरी, हे जरा ऑकवर्ड आहे. लेलेकाकूंचा मेसेज आला. आई आणि प्रभाकर अंकल... आर दे टुगेदर? आय ॲम फाइन विथ इट, रिअली. इफ शी इज हॅपी. फक्त खरं सांग."

मी एक 'हो' म्हणाले असते तर सगळं होतं तसंच राहिलं असतं. अनघा खूश, लेलेकाकू खूश, राणीसाहेब आपल्या गादीवर. स्वयंपाकघरातून डब्यांचा आवाज येत होता. मावशी चाचपडत डाळ शोधत होत्या.

"नाही," मी म्हणाले. "ते त्यांना समोर कोण आहे ते सांगतात. त्यांना दिसत नाही." आणि मग स्कूल बसचं सांगितलं. मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. डब्यांचा आवाज थांबला होता.

दोन आठवड्यांनी, अनघा मावशींना न्यायला आली तेव्हा, मंडळाच्या त्याच हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. तोवर मावशी माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. लेलेकाकूंनी रडत रडत त्यांचा दंड धरला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तशा मोठ्याने म्हणाल्या, "सावकाश हं, इथे स्टेप आहे!" मावशींनी म्हटलं होतं अगदी तेच. त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि ही वेळ माझ्यामुळेच आली होती.

सगळ्यांत शेवटी मी पुढे गेले. काका वाकले, पण मावशींनी हात वर केला. "हिचं नाव नको. जवळ येऊन गप्प उभी राहते ती हीच." मग माझा हात चाचपून धरला. "त्या मुलीने काय घातलं होतं गं?"

"जांभळं जॅकेट. टोपीला दोन गोंडे होते."

"हं," त्या म्हणाल्या. हात मात्र बराच वेळ सोडला नाही.

आता माझ्याकडे लायसन्स आहे. पिवळी बस दिसली की गाडीत एकटी असले तरी मी मोठ्याने म्हणते, "बस, मावशी."

या गणपतीला मी हॉलमध्ये उशिरा पोहोचले. डावीकडून तिसरी खुर्ची रिकामी होती आणि तिच्यामागे प्रभाकरकाका फोन तोंडाशी धरून कुजबुजत होते. "जोशी आले. काठी गेली आता." मला बघून त्यांनी फोन पुढे केला.

"मावशी, मी आहे," मी आपणहून म्हणाले.

"ऐकतेय. लेलेवहिनी कुठंय?"

"उजवीकडे. आमच्याकडेच बघताहेत."

"मग प्रभाकरला सांग," मावशी म्हणाल्या, "तिला जरा लाजून दाखव म्हणावं."