पाठीतली फट

भूल देणाऱ्या डॉक्टरकडे किस्से साठतातच. पेशंट झोपतो, आपण जागे! हल्ली म्हणे सोनोग्राफीत बघून पाठीत सुई घालतात. छान आहे. सत्तर सालच्या आसपास लोणावळ्याच्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात ते काम माझं बोट करायचं. वरच्या पाठीत मणक्यांची टोकं कौलांसारखी एकावर एक कललेली. मधली फट हुकली की सुई हाडावर. जास्त आत गेली तर विचारूच नका.

*

सर्जनसाहेब दर दोन मिनिटांनी दारातून विचारायचे, "सापडली का?"

एकदा सुदुंबऱ्याचे आबा टेबलावर पाठ वाकवून बसलेले. शेवटी वैतागून म्हणाले, "काय हरावलंय त्ये सांगा की. मी बी हुडकतो."

*

सुईच्या मागच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवायचा. सुई फटीत शिरली की तो आत ओढला जातो. थेंब हलू नये म्हणून पंखा बंद. सगळे घामाघूम.

"सिस्टर, थेंब गेला?"

"तुमच्या कपाळावरचा गेला. सुईवरचा तसाच आहे."

*

एका म्हाताऱ्याच्या पाठीवर डागणीचे व्रण होते. पोटदुखीवर गावातल्या बाईनं तापल्या सळईनं डागलेलं.

"फार दुखलं असेल."

"दुखलं की. पर तिला जागा एका दमात गावली."

*

पवनानगरकडचा एक मजूर दरडीखाली सापडला. पाच बरगड्या मोडलेल्या. दुखण्यापायी श्वासच घेईना, ओठ निळे पडायला लागले. पाठीत बधिर करायचं औषध गेलं नाही तर तो वाचणार नव्हता. मी तीनदा सुई घातली, तीनदा हाड लागलं. चौथ्यांदा घालायची मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू?

त्याची बायको दाराशी उभी होती. "डाक्तर, रोज सांजच्याला मी यांची पाठ तुडवते. ह्ये समदं मला ठावं हाय."

सिस्टरनं तोंड वाकडं केलं. मी बाजूला झालो. बाईनं पाठीवर हाताचा अंगठा फिरवला, थांबली. "हितं. ह्ये हाड जरा डाव्या अंगाला हाय."

तिथे मी जांभळ्या औषधाचा ठिपका दिला, पाठ पुन्हा स्पिरिटनं पुसली, सुई घातली. थेंब आत गेला.

औषध देऊन पट्टी लावली. बाई पुन्हा पुढे आली आणि पट्टीशेजारी तळहात टेकवून उभी राहिली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझे पाय दुखायला लागले.

"बाई, झालं आता. बसा जरा."

"थांबा," ती म्हणाली. "अजून हाताला श्वास लागला न्हाई."

मी घड्याळ बघायचं सोडलं. बऱ्याच वेळानं तिनं हात काढला आणि स्टुलावर मटकन बसली.

"आला," म्हणाली.