कुंपणापाशी सांगितलेले बदल

अनय, मीरा,

परवा फोनवर अनयने विचारलं, "आजी, इतकी वर्षं सांभाळलेलं काम मधेच सोडलं तर लोक काय म्हणतील?" अनय, तुझा तो सगळ्यांसाठी मोफत ठेवलेला प्रोग्राम सोडण्याचा विचार चालला आहे, हे मला तेव्हा कळलं. फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज बसवंतअण्णांविषयी लिहिते. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. पण माझी मराठी पत्रं तुमच्या कॉम्प्युटरवर मराठीतच दिसत आली, ती त्यांच्यामुळे.

कसबा बावड्यात आमच्या आणि त्यांच्या अंगणामध्ये कमरेएवढं मेंदीचं कुंपण होतं. सकाळी चहाचा पेला घेऊन अण्णा तिथे येऊन उभे राहत आणि हाक मारत, "वैनी, जरा ऐका की." ते मूळचे कुरुंदवाडचे, घरात निम्मं कानडी बोलणारे. इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाले होते. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना नेमकं तेच हवं होतं.

नव्वदच्या दशकात मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा असे. एका कॉम्प्युटरवर लिहिलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की नुसते चौकोन आणि खुणा. तो मजकूर पुन्हा वाचण्याजोगा करणारा प्रोग्राम अण्णांनी लिहिला आणि उघडा ठेवला. कुणीही फुकट घ्यावा, आत काय आहे ते पाहावं, दुरुस्ती पाठवावी. ती घ्यायची की नाही एवढं अण्णा ठरवत. तुम्ही त्याला मेंटेनर म्हणता. "मालक न्हाय मी," ते म्हणत. "राखणीला बसलोय."

त्यांचा नियम एकच होता. "जे तोंडानं सांगता येत न्हाय, ते आत जायचं न्हाय." दुरुस्ती स्वतःची असो की परक्याची, ती आधी कुंपणापाशी मला सांगायची. मला कळली तर तेच शब्द तिच्या वर मराठीत लिहायचे आणि मगच ती आत घ्यायची. "तुमी इंग्रजीवाल्या," ते चिडवत, "तुमाला मराठीत कळालं म्हंजे कुणालाबी कळतंय!"

एकदा जर्मनीतल्या एका गृहस्थांनी दुरुस्ती पाठवली, पण ती कशासाठी केली ते लिहिलंच नाही. अण्णांनी माझ्याकडून इंग्रजीत उत्तर लिहून घेतलं : शेजारणीला कळेल असं सांगा. गृहस्थ रागावले. पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांचं लांबलचक उत्तर आलं. त्यांनी खरोखरच शेजारणीला सांगून पाहिलं होतं आणि सांगता सांगता स्वतःचीच चूक त्यांना सापडली होती. अण्णा दिवसभर खुशीत होते. "बघा, तिथंबी एक वैनी हाय की!"

मग एका वर्षी, साखर कारखान्याचा हंगाम सुरू होऊन हवेत मळीचा वास भरला होता तेव्हा, अण्णांनी एक दुरुस्ती सांगितली. जुन्या मजकुरातली पहिली वेलांटी एक अक्षर अलीकडे पडते, ती एक घर पुढे सरकवली. मला कळलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी तेच, त्याच उत्साहाने पुन्हा सांगितलं.

"अण्णा, हे मागेच झालं ना?"

"व्हय व्हय, तेच की," म्हणून ते हसले.

पण दुरुस्ती दोनदा आत गेली होती. जागेवर आलेली वेलांटी आणखी एक घर पुढे सरकली आणि गावोगावच्या शाळांचे कागद बिघडले. नागपूरची विदुला बरीच वर्षं दुरुस्त्या पाठवत असे. अण्णांनी तिला आत बदल करायची मुभाही दिली होती. तिने ते काही न बोलता निस्तरलं. असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. अण्णांच्या लक्षात आलंच. "माझ्या मागनं कुणीतरी झाडत चाललंय, वैनी," ते म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल. त्या दुपारी त्यांच्या पत्नी, गौराक्का, आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "ते सांगाय आलं की कळालं म्हणा, वैनी. न्हाय कळालं तरी म्हणा. एवढं काम गेलं तर ह्यांच्याजवळ काय ऱ्हातंय?" मी त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. सांगू लागले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. मधेच एक कानडी शब्द आला आणि पुढचं सगळं निसटलं. त्यांच्यामागे दारात गौराक्का माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

"कळालं का?"

इतकी वर्षं या माणसाने एकाच गोष्टीसाठी माझ्यावर भरवसा ठेवला होता.

"नाही कळलं, अण्णा."

गौराक्का आत निघून गेल्या. अण्णांनी गार झालेला चहा मेंदीच्या मुळाशी ओतला. "बरं केलासा," ते हळू म्हणाले. "पावण्यागत गोड बोलला असतासा, तर मी इस्वास कुणावर ठेवायचा?"

दोन दिवसांनी पुन्हा हाक आली. "वैनी, जरा ऐका की. राखणीला म्हणून आत माझं नाव हाय. ते काढायचं, विदुलाचं घालायचं. कारण मला आता ध्यानात ऱ्हात न्हाय." कुठेही न अडखळता, सलग. "कळालं का?"

"कळलं."

"मग जातंय आत."

विदुलाने फोनवर विनवलं, "सर, तुमचं नाव तरी राहू द्या." अण्णा म्हणाले, "खोटं कशाला लिवायचं, बाळ?"

संक्रांतीपर्यंत गौराक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. मग तिळगूळ घेऊन आल्या. "राग न्हाय, वैनी. पर त्या दिसापासनं माणूस नुसता खिडकीत बसतोय."

अण्णा कुंपणापाशी मात्र येत राहिले. "वैनी, जरा ऐका की." मी हातातलं काम ठेवून जाई. ते पेला धरून उभे राहत, पानांकडे बघत. "काय तर हुतं बघा," म्हणत आणि परत जात. पुढे ती हाकही विसरली. शेवटच्या वर्षी त्यांनी मला ओळखलं नाही, आणि एका उन्हाळ्यात ते गेले. गौराक्का कुरुंदवाडला भावाकडे गेल्या.

अनय, लोक काय म्हणतील ते मला आजही सांगता येत नाही. प्रोग्राम अजून चालू आहे. विदुला राखणीला आहे आणि प्रत्येक बदलाच्या वर तो का केला ते मराठीत लिहिते. त्या नोंदींत मागे मागे जात राहिलास तर अण्णांचा शेवटचा बदलही सापडेल. त्याच्या वर त्यांचं वाक्य आहे : मला आता ध्यानात राहत नाही.