गुडघा दाखवायला नेलं होतं

आतल्या खोलीतून निलगिरीच्या तेलाचा वास आला आणि मला मल्लेश्वरमचा तो दवाखाना आठवला. काही वर्षांपूर्वी माझ्या पोटाला हेच तेल चोळताना बायको म्हणाली होती, "अहो, इथं काहीतरी धडधड उडतंय. दाखवून घेऊ." मी म्हणालो, "चौथीच शिकलोय, पण माझं पोट मला कळतं."  मग एक दिवस ती म्हणाली, "गुडघा दुखतोय, मला तरी न्या." नेलं. डॉक्टरीणबाई गुडघा बघायला वाकल्या, तर ही म्हणते, "अक्का, ते राहू दे, आधी ह्यांचं पोट बघा." भरल्या खोलीत मी ओरडलो, "खोटारडी! सोंग करून आणलंस मला!" तिनं मान खाली घातली. "स्वल्प, जरा गप्प बसा, अण्णा," म्हणत बाईंनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि तो तिथंच थांबला. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. फुटती तर मी घरी परतलोच नसतो. पुढं डॉक्टरांनी जांघेतून आत जाऊन त्या रक्तवाहिनीत कापडी नळी बसवली, पोट कापावं लागलं नाही. मग मीच गल्लीभर हसत सांगायचो, बायकोनं गुडघ्याचं सोंग केलं म्हणून जगलो. तीही हसायची आणि भिंत धरून उठायची. आज वासामागं आत गेलो, तर ती एकटीच सुजलेला गुडघा चोळत बसलेली. "कधीपासून गं?" म्हटलं. "तेव्हापासूनच," ती म्हणाली. "सोंग तुम्ही म्हणालात, मी नाही." मी खाली बसलो आणि बाटली तिच्या हातातून घेतली, पण मान काही वर होईना.